जहाजाचा पत्ता: आधी पॅकेटमध्ये, मग मेमरीत

(दृश्य: जयगडची खाडी, बंदराकडे येणारं मोठं जहाज)

जयगड बंदरात शिरणारं हे जहाज आत्ता या क्षणी पण आपला पत्ता रेडिओवर सांगत सुटलंय. एआयएस म्हणतात त्याला, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप सांगणारी यंत्रणा, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर चालणारी. छपरावर अँटेना, खाली रिसीव्हर, आणि तिथनं लॅपटॉपवर यूडीपी पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरनं येणारी माहितीची छोटी पुडकी. मच्छीमारांच्या छोट्या होड्या यात शोधू नका, त्यांच्यावर बहुतेक हे यंत्र नसतंच.

(दृश्य: टर्मिनलवर धावणाऱ्या ओळी)

पायथनमध्ये सॉकेट (ही पॅकेटं घ्यायचं दार) उघडला की ओळी यायला लागतात, उद्गारचिन्ह, एआयव्हीडीएम, आणि पुढे सगळी गिचमिड. पण ती उलगडते हो. एका अक्षराचे ६ बिट, नेहमीच्या पोझिशन मेसेजमध्ये २८ अक्षरं, म्हणजे १६८ बिट, त्यात जहाजाचा ९ आकडी नंबर (भारतीय असेल तर सुरुवात ४१९) आणि अक्षांश-रेखांश पूर्णांकात. ६ लाखाने भागायचं. १,०३,८०,००० आलं की १७.३ अंश, म्हणजे जयगडच्या आसपास.

इथवर सोपं, कारण फॉरमॅट जाहीर आहे. तोच आकडा, ही जहाजं दाखवणाऱ्या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या मेमरीत पण असतो, बहुतेक ८ बाइटचा डबल (दशांश आकडा) म्हणून, पण नेमका कुठे ते कोणी लिहून ठेवत नाही. लिनक्सवर त्या प्रोसेसची, म्हणजे चालू सॉफ्टवेअरची, मॅप्स फाइल (मेमरीचे भाग कुठे आहेत त्याची यादी) वाचायची, लिहिता येणारे भाग निवडायचे, मग मेम फाइल (खुद्द मेमरी) उघडून पायथनच्या स्ट्रक्टने ८-८ बाइट आकड्यात बदलून बघत जायचं, पॅकेटमधल्या आकड्याच्या जवळचं काय काय आहे ते. पहिल्या फेरीत ढिगभर सापडतं. मग जहाज जरा पुढे जाऊ द्या, नवीन पॅकेट घ्या, आणि ढिगातले जे नव्या आकड्याला जुळतात तेवढेच ठेवा. नांगर टाकलेलं जहाज घेऊ नका, दिवसभर बसाल.

साधा लूप रटाळ चालतो, नमपाय वापरा, पायथनची आकडेमोडीची लायब्ररी. आणि उबंटूवर दुसऱ्या प्रोसेसची मेमरी अशी सहज मिळत नाही, सॉफ्टवेअर आपल्याच स्क्रिप्टमधनं सुरू करायचं, नाहीतर रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, चालवायचं. मशीन अर्थात स्वतःचं.

पण पॅकेट असताना एवढा खटाटोप कशाला? कारण दोन जहाजं एकमेकांच्या किती जवळनं जातील हा आकडा पॅकेटमध्ये येतच नाही, सॉफ्टवेअर तो स्वतः काढतं. अक्षांश सापडला की आधी त्याच्या आगेमागे बघा, बऱ्याचदा तिथेच असतो. सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं की मेमरीतल्या जागांचे पत्ते बदलतात, पण अक्षांशापासून त्याचं अंतर सहसा तेच राहतं, तेवढं टिपून ठेवा.