बारदानावरचे चेहरे

(दृश्य: मार्केट यार्ड, सांगली. सकाळ.)

हळदीचे सौदे उरकले. आता माल उचलायचा. लोखंडी हूक पोत्यात रुततो, दोघं पोतं वर घेतात, तिसरा मान वाकवून पाठ देतो. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती वाहणारी माणसं आपल्याला पाठमोरीच माहीत आहेत.

(दृश्य: सरांच्या घराची पडवी.)

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर ते यार्डातली फाटकी पोती घरी आणतात, ज्यात आता माल भरता येत नाही अशी. आधी पोतं झटकायचं. ही उडतेय ती नुसती हळद. सर ती कागदावर धरतात, जपून ठेवतात.

मग शिवण उसवून ताग चौकटीवर ताणायचा. त्यावर चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, सालं काढून वाटायचे, शिजवायचे. सगळा दिवस जातो ह्यात. पण खळ दिली नाही तर ताग सगळा रंग पिऊन टाकतो. एक हात, ऊन, पुन्हा एक हात.

कपाळ आणि गालफाडं कोळशानं. उजेड पडतो तिथं हळद. त्याच हळदीत चुन्याची निवळी घातली की ती अशी लाल होते, बघा. सावल्यांचा तांबूसपणा इथून येतो. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून पुरी झालेली चित्रं आतल्या खोलीत.

आडतीचा शिक्का सर पुसत नाहीत. ह्या हमालमामांच्या चित्रात तो नेमका खांद्यावर आलाय. जुनी ठिगळंही तशीच ठेवतात.

पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची संघटना बांधली, 1969 मध्ये कायदा झाला, मंडळं आली, भविष्य निर्वाह निधी आला. मानेचं दुखणं मात्र अजून तेच आहे.

(दृश्य: पुन्हा यार्ड. दुपार.)

आज एक चित्र परत यार्डात आलंय. दाभण आणि सुतळी घेऊन वर्षानुवर्षं इथं बारदान शिवणाऱ्या मावशींचं.

(निवेदन नाही. मावशी चित्रासमोर. यार्डाचा आवाज.)

चेहऱ्यावरून त्यांची नजर खाली कोपऱ्यात गेलीय, ठिगळावर. बोटानं टाके मोजतायत. ती शिवण त्यांच्याच हातची आहे.