गणित विभागाचे दार

(एम.एस्सी. गणिताच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्याला गणित विभागाची इमारत सापडायला फार तर अर्धा तास लागतो, कारण वाटेत भेटलेल्या कोणालाही विचारले तरी तो हात करून दाखवतो. विभाग सापडायला मात्र पुष्कळांचे पहिले वर्ष जाते आणि काहींना तो दोन वर्षांतही सापडत नाही. तास होतात, वह्या भरतात, परीक्षा होतात, पदवीही मिळते. पण आपण ज्या इमारतीत रोज ये-जा केली तिथे नेमके काय चालत होते, हे त्यांना कळलेले नसते. पदव्युत्तर वर्गांना शिकवताना मी हे वर्षानुवर्षे पाहिले. याचा दोष मी मुलांच्या आळसाला देत नाही. त्याचे कारण गणित विभागाच्या स्वरूपातच आहे.

रसायनशास्त्राच्या विभागात गेलात तर काम डोळ्यांना दिसते, नाकालाही कळते. तुम्हाला एक टेबल मिळते, शेजारच्या टेबलावर पीएच.डी. करणारी ताई काय करते आहे हे न विचारताही समजते आणि काचेची भांडी कशी धुवायची इथपासून तुम्ही तिच्याकडून शिकत जाता. गणितात यातले काहीच नाही. एक लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, दारांवर नावाच्या पाट्या आणि आत कोणीतरी कागदापुढे बसलेले. काम तिथेही चालूच असते, पण ते दाराआड चालते, आणि दार वाजवल्याखेरीज ते दिसत नाही. म्हणून गणिताच्या विद्यार्थ्याने दार वाजवायला शिकावे लागते, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे.

कोणते दार, हा पहिला प्रश्न. पाटीवर नाव असते, विषय नसतो. पण गणिताच्या जगाने प्रत्येक शाखेला दोन आकडी क्रमांक दिलेला आहे: ०५ म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स, ११ म्हणजे नंबर थिअरी, ३५ म्हणजे पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, ५४ म्हणजे जनरल टोपोलॉजी. (नंबर थिअरीला मराठीत संख्याशास्त्र म्हणू नका; संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, त्याचा विभाग वेगळा आहे.) बहुतेक शोधनिबंधांच्या पहिल्याच पानावर हे क्रमांक छापलेले असतात. आपल्या शिक्षकांचे दोन-तीन निबंध शोधून फक्त तेवढे क्रमांक आणि प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद वाचलात, तर कोणत्या दाराआड काय चालते याचा नकाशा आठवडाभरात तयार होतो. निबंध समजला नाही तरी चालेल. तुम्हाला सध्या फक्त पत्ता हवा आहे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: आत जाऊन बोलायचे काय? एका वर्षी ऑक्टोबरात, परीक्षा जवळ आल्यावर, नगरकडच्या एका कॉलेजातून आलेली मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मला कॉम्पॅक्टनेस समजत नाही.” (एखादा संच कोणत्याही ओपन संचांनी झाकला तरी त्यांतले मोजकेच निवडून तो झाकता येणे, म्हणजे कॉम्पॅक्टनेस.) या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. मी तिला कोरा कागद दिला आणि नववीच्या भूमितीत लिहीत होतीस तसे पक्ष आणि साध्य लिही, एवढेच सांगितले. तिने बराच वेळ घेतला. मग कागदावर उतरले ते असे. पक्ष: ० आणि १ यांच्यामधला ओपन इंटरव्हल (०, १), म्हणजे दोन्ही टोके सोडून मधल्या सगळ्या संख्या, आणि तो झाकणारे (१/२, १), (१/३, १), (१/४, १) असे न संपणारे इंटरव्हल. साध्य: यांतले मोजकेच निवडून (०, १) झाकता येत नाही.

लिहून झाल्यावर सिद्धता तिला तिथल्या तिथे दिसली. मोजके निवडले की त्यांत एक सर्वांत मोठा असतो, समजा (१/न, १). बाकीचे सगळे त्याच्या पोटात जातात, आणि ० पासून १/न पर्यंतचा तुकडा उघडाच राहतो. मग ती थांबली आणि तिने पहिला खरा प्रश्न विचारला: “मग ० आणि १ ही टोके आत घेतली की असे काय बदलते?” आता आम्हाला बोलता येत होते. ० झाकायचा तर ० भोवती एखादा ओपन इंटरव्हल ठेवावाच लागतो, तो थोडासा का होईना उजवीकडे सरकतो, आणि १/न त्या सरकलेल्या भागात येईल एवढी मोठी ‘न’ ही संख्या निवडली की मधला सगळा भाग (१/न, १) सांभाळतो. १ या टोकासाठी आणखी एक, म्हणजे तीन इंटरव्हलांत काम झाले. हे एका आच्छादनापुरते, म्हणजे झाकणाऱ्या इंटरव्हलांच्या एका समूहापुरते झाले, कोणत्याही आच्छादनासाठी, टोकांसकटचा इंटरव्हल कॉम्पॅक्ट असतो हे सांगणारे हाइन-बोरेलचे प्रमेय लागते, हेही तिनेच मला सांगितले. कॉम्पॅक्टनेस समजत नाही असे म्हणत ती आली होती, पण तिचे अडले होते ते एका टोकापाशी.

पक्ष, साध्य, सिद्धता ही शाळेने आपल्याला दिलेली फार मोठी शिस्त आहे आणि ती कॉलेजात पाठीमागे टाकली जाते याचे मला वाईट वाटते. अकरावीपासून पुस्तके इंग्रजीत येतात, आणि ज्याने दहावीपर्यंत ‘एकरूप’ आणि ‘समरूप’ यांतला फरक चोख सांगितला तोच मुलगा वर्गात इंग्रजीत वाक्य जुळवता येत नाही म्हणून गप्प बसतो. पुण्यातल्या गणिताच्या शिक्षकांपैकी पुष्कळांना मराठी येते. ज्यांना येते त्यांना मराठीत विचारा, संज्ञा इंग्रजीत असू द्या. उत्तरपत्रिकेची भाषा पुढे सरावाने येते, पण न विचारलेली शंका पुढच्या सत्रात तिप्पट होऊन भेटते. मी स्वतः विद्यार्थी असताना पहिले सहा महिने एकही दार वाजवले नाही. कोणी मला अडवले नव्हते, पण ‘ये’ असेही कोणी म्हटले नव्हते. म्हणून मी आज तुम्हाला स्पष्ट शब्दांत सांगते आहे: जा.

ऑफिसच्या कामांबद्दल थोडक्यात सांगते. परीक्षा फॉर्म, बोनाफाइड आणि शिष्यवृत्तीच्या तारखा नोटीस बोर्डावर स्वतः वाचा. मित्राच्या मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ १९८३ मध्ये अणुऊर्जा विभागाने स्थापन केले. त्याच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी पहिल्या वर्षातच करा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणिताच्या उन्हाळी प्रशिक्षण शिबिराचे अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी मागवले जातात. नेट आणि सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची तयारी जरूर करा, पण पहिल्या दिवसापासून फक्त बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसू नका.

ग्रंथालयाबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. जयकर ग्रंथालयाला विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचे नाव आहे, हे तुम्हाला माहीत असेल. पण या शहराचे आणि गणिताच्या पुस्तकांचे नाते विद्यापीठाहून, म्हणजे १९४९ हून, जुने आहे. १९०७ मध्ये रामस्वामी अय्यर नावाच्या दक्षिणेतल्या एका डेप्युटी कलेक्टरांनी पुढाकार घेतला आणि आज जिला आपण इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणतो ती संस्था उभी राहिली. गावोगावच्या गणितप्रेमींना नवी नियतकालिके आणि पुस्तके पाहायलाही मिळत नाहीत, ही त्यांची तळमळ होती. त्या संस्थेचे ग्रंथालय ठेवले गेले ते इथे, आपल्या फर्ग्युसन कॉलेजात, जिथे १८९९ चे सीनिअर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य होते. एका नियतकालिकासाठी त्या लोकांनी संस्था उभी केली. तुम्हाला फक्त जिना चढून मांडणीपर्यंत जायचे आहे. नेमलेले पुस्तक घेतलेत की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दोन पुस्तकेही उघडून पाहा. एकाच प्रमेयाची तीन वेगळी माणसे तीन वेगळ्या वाटांनी सिद्धता देतात, आणि त्यांतली एक तुम्हाला उमगते.

आपला विभाग आवाराच्या भिंतीपाशी संपतो असेही समजू नका. लॉ कॉलेज रस्त्याजवळ गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, पाषाणला २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. बाहेरच्या विद्यार्थ्याला बसता येईल अशी व्याख्याने तिथे असली तर आधी विचारून जा.

आता सेमिनार. एखाद्या दुपारी विभागात पाहुणा येतो आणि तासभर बोलतो. तुम्ही गेलात तर पहिल्या पंधरा मिनिटांनंतर काहीही कळणार नाही, आणि म्हणूनच पुष्कळ जण एकदा जाऊन पुन्हा जात नाहीत. पण मागे बसलेल्या प्राध्यापकांनाही शेवटची वीस मिनिटे पूर्ण कळत नाहीत, हे मी खात्रीने सांगते. तिथे ऐकायची असतात ती सुरुवातीची पंधरा मिनिटे, ज्यांत वक्ता सांगतो की प्रश्न कुठून आला, आधी कोणी काय केले आणि अडले कुठे. वहीत तेवढेच लिहा. एक व्याख्या, एक उदाहरण. आणि वर्गात पूर्ण आत्मविश्वासाने शिकवणारे तुमचे सर मधेच हात वर करून “हे कसे आले?” असे विचारतात, ते नीट पाहा, दाराआड चालणारे काम उघड्यावर येते ते अशा वेळी.

व्याख्यान संपले की बाहेर चहा असतो आणि सगळे तिकडे जातात. फळा अजून पुसलेला नसतो, वक्ता हाताचा खडू झटकत तिथेच रेंगाळत असतो. त्या दहा मिनिटांत पुढे जा, तुम्हाला कळलेल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवा आणि तिच्या खालची ओळ कशी आली ते विचारा.