फळ्यावरची तारीख

(दृश्य: फाटा. दुपारचं ऊन. पांढरी व्हॅन वळून परत निघते.)

हा आमच्या गावचा फाटा. इथून गाव अडीच किलोमीटर आत आहे. आत्ता वळून गेली ती 102 ची सरकारी गाडी, बाळंतिणीला दवाखान्यातून घरी सोडायला आलेली. घरी म्हणजे दारापर्यंत, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तसं ठरलेलं आहे, 2011 पासून. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि तिथून परत घरी, तिन्ही फेऱ्या फुकट. बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषधं तपासण्या रक्त फुकट, दवाखान्यात असेपर्यंत जेवणसुद्धा. ड्रायव्हर म्हणाला पुढं रस्ता खराब आहे. रस्ता तुम्ही बघताय, ट्रॅक्टर चाललाय, दुधाचा पिकअप रोज दोन खेपा करतो.

आता थोडा वेळ आम्ही बोलणार नाही, तुम्ही फक्त बघा.

(दृश्य: बाळंतीण, छातीशी बाळ. मागं सासू, डोक्यावर गाठोडं. चालण्याचा आवाज.)

गाव धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरातलं. नाव सांगत नाही. इथल्या सिस्टर आणि आशाताई आमच्याशी मोकळ्या मनानं बोलल्या, उद्या त्यांनाच नोटीस नको. खालच्या माणसाला धरायचं आणि वरच्याला सोडून द्यायचं हे आपल्याकडं लई झालंय.

(दृश्य: समाजमंदिर. सतरंजी. तीन वाट्या, मधे चिंचोक्यांचा ढीग.)

ही बैठक बघा. बाया दिवसभर खुरपून आल्यात, रात्रीचे साडेआठ वाजलेत, तरी चाळीसच्या वर बाया आहेत. समोर तीन वाट्या. हिरवी, पिवळी, लाल. मधे चिंचोके. एक मुलगी प्रश्न वाचणार आणि प्रत्येकीनं आपला चिंचोका वाटीत टाकायचा. सिस्टर गावात ठरल्या दिवशी येतात का. लेकराला लस देताना पैसे मागितले का. दवाखान्यात डॉक्टर भेटले का, का बोर्डच बघून आलात. औषध आतून मिळालं का बाहेरची चिठ्ठी दिली. चांगलं असेल तर हिरवी, बरं असेल तर पिवळी, वाईट असेल तर लाल. लिहिता वाचता येत नसलं तरी चिंचोका टाकता येतो, आणि कोणी काय टाकलं यावर भांडण होत नाही, मोजलं की झालं.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 ला सुरू झालं आणि त्यातच लिहिलेलं होतं की दवाखान्यावर लोकांनी लक्ष ठेवायचं. त्याला नाव दिलं लोकाधारित देखरेख. महाराष्ट्रात 2007 ला पहिल्यांदा पाच जिल्हे घेतले, अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आपला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. मराठवाड्यातला तो एकटाच जिल्हा होता. पुण्याची साथी ही संस्था राज्यभराचं समन्वयाचं काम बघायची. गावानं रिपोर्ट कार्ड भरायचं, मग प्राथमिक आरोग्य केंद्राचं कार्ड, मग तालुका, मग जिल्हा, आणि शेवटी जनसुनवाई, म्हणजे अधिकारी समोर बसणार आणि गाव विचारणार. म्हणजे सरकारनंच हा हक्क दिलेला आहे, आम्ही कुठून उसना आणला नाही. त्यावेळी ज्या पोरी बैठकीत वाट्या मांडायच्या त्यातल्या काही आज सासवा झाल्यात, आणि आता त्याच परत वाट्या मांडायल्यात.

(दृश्य: मोजणी. "औषध" या प्रश्नासमोरची लाल वाटी भरून सांडलेली. कॅमेरा तिथंच.)

लाल वाटी सांडली ती औषधाच्या प्रश्नाला. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही औषधाच्या मागं गेलो.

(दृश्य: आरोग्य केंद्राची भिंत. औषधसाठा फलक, खडूची अक्षरं.)

हा फळा. दवाखान्यात कोणतं औषध किती शिल्लक आहे ते लोकांना दिसावं म्हणून लावलेला. लहान लेकरांचं तापाचं औषध, शिल्लक शून्य. कुत्रा चावल्यावरची सुई, आकडा पुसट झालाय. आता वर उजव्या कोपऱ्यात तारीख बघा. व्हिडिओ थांबवून बघा. आम्ही शूटिंग केलं त्याच्या चार महिने आधीची तारीख आहे ती. म्हणजे शून्य हा आकडासुद्धा जुना आहे, आज काय आहे ते कोणालाच माहीत नाही.

फार्मासिस्ट म्हणाले मागणी पाठवलीय. ते खोटं बोलत नव्हते. आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, कायद्यानं 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते आलं. हे कागद, एक एक दाखवतो. मागणी निघाली मृगाच्या आसपास. तालुका आरोग्य अधिकाऱ्याची सही झाली पोळ्याला. जिल्ह्याच्या स्टोअरचा शिक्का बसला दसरा उलटून गेल्यावर. आणि त्याच्या पुढं कागदच नाही. शिक्क्याच्या खाली सही आहे पण सहीच्या खाली नाव नाही, नुसतं "करिता". कोणाकरिता ते वाचता येत नाही.

वरची गोष्ट अशी आहे की 2017 ला राज्यानं ठरवलं की सगळ्या सरकारी दवाखान्यांची औषधं एकाच ठिकाणाहून घ्यायची, मुंबईच्या हाफकिन महामंडळाकडून. एकत्र घेतली तर स्वस्त पडतात, भ्रष्टाचार कमी होतो, विचार चांगला होता. पण खरेदी वेळेत होईना, पैसे पडून राहायचे आणि इकडं कपाट रिकामं. मग 2023 ला हाफकिनकडून काम काढून नवीन कायदा केला आणि वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. आता हे जे जुनं बंद नवीन चालू करण्याचे महिने असतात ना, त्या महिन्यांत ताप येणं काही थांबत नाही. छोटी खरेदी खालच्या पातळीवर करता येते, आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडं थोडे पैसे असतात. समितीच्या बैठकीचं रजिस्टर आम्ही मागितलं. हे बघा, शेवटची सही.

(दृश्य: रजिस्टरचं पान, नंतरची कोरी पानं उलटताना हात.)

जबाबदार कोण हे शोधायला आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागले, म्हणून तेही सांगतो. गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद, तिथले साहेब म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. तिथून पेशंट पाठवला ग्रामीण रुग्णालयात तर ते जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली, जिल्हा परिषदेचा संबंध संपला. तिथून मेडिकल कॉलेजला पाठवला तर खातंच बदललं, आरोग्य खातं सुटलं आणि वैद्यकीय शिक्षण खातं आलं, मंत्री वेगळा, सचिव वेगळा. पेशंट एकच, चिठ्ठी एकच, आणि मालक तीन. प्रत्येक ठिकाणी सांगतात आमच्याकडून वेळेत पाठवला होता. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी उपचार फुकट झाले तेसुद्धा आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, मेडिकल कॉलेजचे दवाखाने त्यात नव्हते. हा फरक पेशंटला कोण सांगणार? त्याच्यासाठी तो सरकारी दवाखानाच आहे.

(दृश्य: मोबाईलवर जुनी बातमी बघणाऱ्या बाया. स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर.)

आणि मग नांदेड. ऑक्टोबर 2023 ची सुरुवात. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय मेडिकल कॉलेज. 24 तासांत 24 मृत्यू, त्यात 12 नवजात बाळं. 48 तासांत आकडा 31 वर गेला, त्यात 16 लेकरं. त्याच दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयातूनही मृत्यूंच्या बातम्या आल्या. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार तिथं गेले आणि त्यांनी डीनच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावलं, तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं बघितला, आमच्या बायांनीही. औषधाच्या मागणीचा कागद कोणाच्या टेबलावर होता, तो व्हिडिओ कोणी काढला नाही. मुंबई हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, रिकाम्या जागांचं विचारलं, पैशाचं विचारलं, आणि खरेदी प्राधिकरणाला पूर्णवेळ प्रमुख का नाही तेही विचारलं.

आमच्या बैठका सुरू झाल्या त्या याच्यानंतर.

(दृश्य: पंचायत समितीचा हॉल. जनसुनवाई. समोर टेबलावर हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या.)

हा जनसुनवाईचा दिवस. जीपा करून बाया आल्या, 11 वाजताची वेळ होती, साहेब आले सव्वाएकला. रिपोर्ट कार्डाचा मोठा चार्ट भिंतीला लावलाय, लाल गोल लांबूनही दिसतात. ह्या आक्का उठल्या, माईक हातात धरायची सवय नाही म्हणून तो खाली धरलाय, आवाज तरी ऐका.

"साहेब, लेकराच्या तापाचं औषध चार महिने झालं नाही. बाहेरून आणा म्हणायलेत. बाहेर कुठून आणावं?"

साहेब म्हणाले मागणी वर पाठवलेली आहे, पाठपुरावा चालू आहे.

"किती तारखेला पाठवली?"

साहेबांनी बाजूच्याकडं बघितलं. बाजूच्यानं फाईल उघडली. आक्कांनी पिशवीतनं झेरॉक्स काढली.

"ही तारीख आमच्याकडं आहे साहेब. ह्याच्यापुढची तुम्ही सांगा. अन् खाली नाव कोणाचं ते बी सांगा."

(दृश्य: हॉल. फाईलची पानं उलटण्याचा आवाज. अकरा सेकंद.)

हे अकरा सेकंद आम्ही कापलेले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच जणी बोलल्या. 102 च्या गाडीचा विषय निघाला, सुनेला फाट्यापासून चालवत आणलेल्या सासूबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या गाडीच्या वहीत घरी सोडल्याची सही माझ्या हाताची नाही, माझा तर अंगठा असतो. ती वही मागवली गेली. प्रत्येक मुद्द्यासमोर अधिकाऱ्याचं नाव आणि दिवस लिहायचा असं ठरलं, पहिल्यांदा "लवकरात लवकर" लिहिलं होतं ते बायांनी खोडायला लावलं. तो कागद हा, खोडलेली ओळ दिसतेय.

पुढच्या आठवड्यात तापाचं औषध आलं. गाडी दारापर्यंत यायला लागली. कुत्र्याच्या सुईचं अजून झालेलं नाही.

(दृश्य: सकाळ. तोच फळा. आशाताई ओल्या फडक्यानं पुसतात, खडूनं कोपऱ्यात आजची तारीख लिहितात.)

रोज सकाळी आता गावातली एक बाई जाता जाता हा कोपरा बघून येते आणि ग्रामपंचायतीतल्या कॅलेंडरवर खूण करते. कागदावर कुत्र्याच्या सुईसमोर दिलेली तारीख उलटून नऊ दिवस झालेत. माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज लिहून तयार आहे, तिकीट लावायचं राहिलंय. सोमवारी आक्का तालुक्याला जाणार आहेत.

(दृश्य: फाटा. एसटीची वाट बघत आक्का, हातात पिशवी.)