दरवाजे लावायचे कधी?

मंडळी, हवामानबदलावरच्या विज्ञानकथांमध्ये शहरं साधारण तीनच प्रकारची भेटतात. पाण्याखाली गेलेली, काचेच्या घुमटात बसवलेली, नाहीतर समुद्रावर तरंगणारी. मुखपृष्ठावर ती झकास दिसतात. पण दहाव्या पानाशी लेखक अडतो. शहर बांधून झालेलं असतं आणि आता त्यात घडवायचं काय, हे त्याचं त्यालाच उमगत नाही. मग कुणीतरी घुमट फोडतं. (कथेतले घुमट बहुधा फुटण्यासाठीच बांधतात.) माझ्या मते गोष्ट खरी सुरू होते ती, यंत्र चालवायचं कधी आणि हे ठरवणार कोण, इथून.

व्हेनिसचं बघा. शहराभोवतीचं उथळ खाजण समुद्राला जिथे मिळतं, त्या तोंडांवर तळाशी मिळून 78 पोलादी दरवाजे आडवे झोपवलेले आहेत. एरवी त्यांच्या पोटात पाणी असतं. मोठं उधाण येणार असं दिसलं की आत हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं आणि ते बिजागरीवर वर येतात. ऑक्टोबर 2020 मध्ये खऱ्या उधाणात ते पहिल्यांदा उचलले आणि शहर कोरडं राहिलं. दोनच महिन्यांनी, 8 डिसेंबरला, शहरात पुन्हा पाणी! दरवाजे धडधाकट होते. पण तेव्हाचा नियम असा की ठरलेल्या खुणेपासून मोजलेली भरतीची पातळी 130 सेंटीमीटरच्या वर जाईल असा अंदाज असेल तरच ते उचलायचे. अंदाज त्याहून कमी होता, प्रत्यक्षात पाणी 138 पर्यंत चढलं. ते लक्षात येईतो दरवाजे उचलायला वेळ उरला नव्हता.

मग तो आकडा सरळ खाली का आणू नये? सेंट मार्क चौक इतका सखल की 90 सेंटीमीटरच्या आसपासच तिथे पाणी दिसायला लागतं. पण दरवाजे वर आले की जहाजांची वाट अडते. प्रत्येक वेळी खर्च येतो तो निराळाच. शिवाय खाजणातलं पाणी भरती-ओहोटीने बदलतं, तेही थांबतं, आणि शहराचं बरंचसं सांडपाणी याच भरती-ओहोटीच्या भरवशावर सोडलेलं आहे. म्हणजे चौकातला दुकानदार कोरडा राहावा म्हणून जहाजाने बाहेर ताटकळायचं. हा एक आकडा ठरवताना कुणाचे पाय भिजणार, तेही ठरून जातं.

आता यात शंभर वर्षं मिळवा. समुद्र चढत जाणार, आकडा तोच राहिला तर दरवाजे वर्षागणिक जास्त वेळा लावावे लागणार. कधीतरी असं वर्ष उजाडेल की उघड्या दिवसांपेक्षा बंद दिवसच जास्त. बंदर ओस पडेल, खाजणाचं डबकं होत जाईल, आणि शहर मात्र वाचलेलं असेल! मला इथे अख्खी कादंबरी दिसते. खलनायक एकही नाही. बंदराचा अधिकारी, दुकानदार, मासेमार, सांडपाण्याचा इंजिनिअर, चौघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बैठक संध्याकाळी पाच वाजता.

पुरावर लिहिणारे पुष्कळ, उन्हावर मात्र कमी. पूर दिसतो, उष्णतेच्या लाटेत रस्ता नेहमीसारखाच दिसतो आणि माणसं बंद दाराआड दगावतात. शिकागोत जुलै 1995 मध्ये अशी 700हून अधिक माणसं गेली. पुढे समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं. तरी नॉर्थ लॉनडेलमधलं मृत्यूचं प्रमाण साउथ लॉनडेलच्या कितीतरी पट. पहिल्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, प्लॉट ओसाड, भीतीपोटी कुणी दार उघडायला तयार नाही. दुसरीत रस्ता गजबजलेला, म्हणून म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती, गार दुकानात जाऊन बसत होती. 2100 सालचं शहर रंगवणाऱ्याला मी आधी हेच विचारेन: बाबा रे, तुझ्या त्या शंभर मजली हिरव्या मनोऱ्यांच्या तळाशी विनाकारण टेकता येईल असं एखादं दुकान आहे का?

एसी आहेच की, असं कुणी म्हणेल. तो लागेलच. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 35 अंशांवर गेला की घाम सुकून अंग गार होणं थांबतं. मग धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली काही तासांपलीकडे तग धरत नाही. पण एसी आतली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर टाकतो. वरच्या मजल्यावरच्या गारव्याची धग खाली फुटपाथवर निजलेल्याच्या अंगावर येते. त्या दोघांची ओळख करून द्या, कथानक आपोआप चालेल.

आणि शहर सोडूनच जायचं म्हटलं तर? इंडोनेशियाने 2019 मध्ये जकार्ताहून राजधानी हलवायचं जाहीर केलं. जकार्ता खचतंय, त्याचं मोठं कारण जमिनीखालचा पाण्याचा उपसा. नळाचं पाणी सगळ्यांना पुरत नाही म्हणून लोक बोअरवेल खणतात. आपले लेखक लगेच नव्या राजधानीत मुक्काम हलवतील, तिथे सगळं कोरं करकरीत. मी जकार्तातच थांबेन. मंत्रालयं गेली तरी एक कोटीहून जास्त माणसं तिथेच राहणार. त्यांच्यातल्या एखाद्या गल्लीत बोअरवेल सील करायला आलेला कारकून आणि नळाला पाणी नाही म्हणून त्याच्याशी भांडणारी बाई, एवढी दोन पात्रं मला पुरतील.