ड्रोनच्या आधी चुना

नमस्कार, श्रोते हो.

सरकारी कारभारात आणि संरक्षण दलांत नवं तंत्रज्ञान कसं येतंय, यावर आज बोलायचं आहे. हा विषय निघाला की गप्पा लगेच उपग्रह आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळतात. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून झाली, त्यामुळे मी सुरुवात जमिनीवरूनच करतो. गावावर ड्रोन उडतो, त्याच्या आधी गावात काय घडतं ते सांगतो.

पुरंदर तालुक्यातलं सोनोरी हे गाव तुम्हाला ठाऊक असेल. गावठाणाची मोजणी ड्रोनने करायचा आपल्या राज्यातला पहिला प्रयोग तिथे झाला. जमाबंदी आयुक्तांचं, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुखांचं, कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. त्या कार्यालयाने आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने मिळून तो केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना आणली आणि देशभरातल्या गावठाणांवर ड्रोन उडू लागले.

आता गावठाणच का, शेतं का नाहीत? शेतांची मोजणी इंग्रजांच्या काळातच झाली होती, कारण सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, शेतावर बसायचा. गावठाणातल्या घरांवर सारा नव्हता, म्हणून बहुतेक छोट्या गावांच्या गावठाणांना नकाशाच नव्हता. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात राहिलो, त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि तोही कर आकारणीचा. मालकी दाखवा म्हटलं की माणूस गप्प. बँकेच्या दारात तर हे फार जाणवायचं.

तर ड्रोन यायच्या आधी चुना येतो. ग्रामसेवक, भूकरमापक आणि गावकरी मिळून गल्लीगल्लीतून फिरतात. ज्याचं घर त्याने आपली हद्द दाखवायची, शेजाऱ्याने मान डोलवायची, मग त्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ ओढायची. वरून फोटो काढला की ती रेघ स्पष्ट दिसते. ऐकायला सोपं वाटतं. पण रेघ ओढताना चुलतभाऊ समोरासमोर उभे राहतात. बोळ कुणाची, पन्हाळीचं पाणी कुणाच्या जागेत पडतं, पडक्या गोठ्याची जोती कुठपर्यंत होती, हे सगळं त्या वेळी बाहेर येतं. जुनी जाणती माणसं बोलावली जातात. कधी एखादी आजी काठी टेकत येते आणि सांगते, इथे आमच्या सासऱ्यांच्या वेळी निंब होता, तिथपर्यंत आपलं. हे ठरायला दिवस जातो. ड्रोनचं काम त्या मानाने चटकन उरकतं.

त्यातून तयार होणारा नकाशा फार सुंदर असतो. १:५०० प्रमाणाचा, पाच सेंटिमीटरपर्यंतचा बारकावा टिपणारा. आम्ही तेहतीस फुटांची शंकू साखळी ओढत आणि प्लेन टेबलवर टिपण करत जे काम केलं, त्याच्याशी तुलना केली की मला मनापासून आनंद होतो. मात्र ड्रोनला छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. पत्रा भिंतीच्या बाहेर दोन फूट आला असेल, तर वरून घर दोन फूट मोठं दिसतं. चिंचेखालचं घर तर अर्धं झाडातच जातं. म्हणून नकाशा हातात घेऊन पुन्हा गल्लीत उतरावं लागतं, पडताळणी करावी लागते. मग चौकशी, हरकती, आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीचे कागद. जिथे ही पायी फिरण्याची कामं नीट झाली, तिथे कागद खरा उतरला. जिथे घाई झाली, तिथे भांडण छापील झालं.

मला आज एवढंच सांगायचं आहे. नवं यंत्र कितीही अचूक असो, त्याच्यात पहिली नोंद कोण भरतं आणि ती चुकली तर दुरुस्त कोण करतं, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या पुणे जिल्ह्याने हे पूर्वी भोगलेलं आहे. पेशवाई गेल्यानंतर मुंबई सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ ते १८३० या काळात पुणे जिल्ह्याची मोजणी आणि आकारणी केली. त्या काळात ती अगदी आधुनिक पद्धत होती. पिकाच्या उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे पंचावन्न टक्के सारा म्हणून घ्यायचे, असं शास्त्रशुद्ध गणित. गणितात दोष काढता येत नव्हता. मोजणी मात्र सदोष निघाली, पिकाचे अंदाज चुकीचे निघाले आणि खालच्या पातळीवर लबाडीही झाली. चुकीच्या आकड्यांवर बरोबर गणित केलं गेलं. सारा पेलवेना, कुळांनी जमिनी टाकल्या, शेतं पडीक राहिली. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली.

मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने काम सुरू केलं. यातला विंगेट लष्करातला इंजिनिअर होता. त्यांनी उत्पन्नाचं क्लिष्ट गणित बाजूला ठेवलं, मातीचा कस पाहून साधी प्रतवारी केली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. तुमच्या सातबाऱ्यावर जो सर्व्हे नंबर येतो, तो त्याच परंपरेतला. त्यांची पद्धत प्रिंगलपेक्षा साधी होती, पण शेतात उभं राहून पटवून घेता येत होती.

सातबारा संगणकावर आला, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला. हस्तलिखित उताऱ्यावरून संगणकात नोंदी भरताना कुणाचं नाव गळलं, कुणाचे गुंठे बदलले. त्यावर २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला सातबारा गावाच्या चावडीत मोठ्याने वाचायचा, ज्याची जमीन त्याने ऐकायचा, चूक असेल तर तिथेच सांगायची. मला या सगळ्या आधुनिकीकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती वाटते विचाराल, तर मी चावडी वाचन म्हणेन. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. लोक त्या सहीवर विश्वास ठेवू शकले, कारण त्याच्या आधी नोंदी गावापुढे वाचल्या गेल्या होत्या.

आता संरक्षणाकडे येतो. पुण्यात राहून संरक्षणाबद्दल बोलायला दिल्लीला जावं लागत नाही. लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकीत लष्करी अभियंत्यांचं बॉम्बे सॅपर्स, दापोडीत सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची एआरडीई, सुतारवाडीला स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा, आणि दिघीला लष्करी अभियांत्रिकीची. या दिघीच्या प्रयोगशाळेने ‘दक्ष’ नावाचं एक यंत्र बनवलं. मी त्याच्याबद्दल मुद्दाम बोलणार आहे.

बेवारस पिशवी सापडली, आत बॉम्ब असल्याचा संशय आहे. पूर्वी एक माणूस जड चिलखती पोशाख घालून एकटा तिच्याजवळ चालत जायचा. बाकीचे लांब उभे राहून बघत असायचे. त्याच्या घरच्यांनी ती नोकरी कशी सोसली असेल, याचा विचार करा. दक्ष हे बॅटरीवर चालणारं, दुरून हाकता येणारं वाहन आहे. ते जिने चढतं, यांत्रिक हाताने वीस किलोपर्यंतची वस्तू उचलतं, जागेवरच क्ष-किरणाने आतलं चित्र घेतं. चालवणारा पाचशे मीटरपर्यंत मागे राहून पडद्यावर ते चित्र पाहतो. खात्री पटली की जोरदार वेगाने पाण्याचा झोत सोडायचा. स्फोट व्हायला जी विद्युतजोडणी लागते, ती त्या झोताने क्षणात तुटून पडते. २०११ मध्ये ही यंत्रं लष्कराकडे जाऊ लागली. यात निर्णय माणसाचाच राहिला. फक्त तो माणूस बॉम्बपासून लांब गेला. तंत्रज्ञानाने सैनिकासाठी काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पाषाणच्या एआरडीईने विकसित केलेली १५५ मिलिमीटरची नवी तोफ, अटॅग्ज, हीसुद्धा अभिमानाची गोष्ट आहे. अठ्ठेचाळीस किलोमीटरपर्यंत मारा, आणि तोफेची हालचाल विजेवर. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जचा आहे. पिनाक रॉकेटांच्या जडणघडणीतही याच प्रयोगशाळेचा हात आहे.

आणि ड्रोन. सोनोरीत घरं मोजणारा ड्रोन आणि सीमेवर स्फोटकं घेऊन येणारा ड्रोन एकाच जातकुळीचे. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्तानने पश्चिम सीमेवर ड्रोनचे थवेच सोडले. त्या रात्री आपल्या हवाई संरक्षणात ‘आकाशतीर’ ही भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेली यंत्रणा उपयोगी पडली. वेगवेगळ्या रडारवर दिसणारं चित्र ती एकत्र करते आणि कुठल्या तोफेने कुठलं लक्ष्य घ्यायचं हे ठरवायला मदत करते. पूर्वी ही माहिती फोनवरून, तोंडी, एका चौकीकडून दुसऱ्या चौकीकडे जायची. आकाशात एकाच वेळी अनेक ठिपके असतील तर तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

इथे माझी काळजी वेगळी आहे. गावठाणाच्या नकाशात चूक झाली तर हरकत घेता येते, अपील करता येतं. गोळी सुटली की अपील नाही. आकाशातला ठिपका शत्रूचा आहे की आपल्याच प्रवासी विमानाचा, हे सांगणारी यंत्रणा जितकी वेगवान होईल, तितका माणसाला विचार करायला वेळ कमी उरेल. म्हणून शस्त्र चालवण्याचा हुकूम देणारा अधिकारी नावानिशी जबाबदार असलाच पाहिजे, यंत्राने सुचवलं म्हणून केलं हे उत्तर चालता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

हवामानाचं थोडं बोलतो, कारण तेही पुण्याचंच घरचं काम. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक हे प्रगत संगणनाचं सरकारी केंद्र उभं राहिलं आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. आज पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक आहे. त्याच्या बळावर २६ मे २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली. आधी एकेक अंदाज बारा किलोमीटरच्या चौकोनासाठी असायचा, तो चौकोन आता सहा किलोमीटरचा झाला. आपल्या जिल्ह्यात ताम्हिणीला धो धो कोसळत असतं तेव्हा शिरूरला ऊन असतं, त्यामुळे हा फरक आपल्याला फार मोलाचा.

पण ३० जुलै २०१४ ची माळीणची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. किंवा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी. धरणातून पाणी सोडल्याची वेळेवर कल्पना मिळाली नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. पाषाणच्या संगणकाला जे कळतं, ते पहाटे तळमजल्यावर झोपलेल्या कुटुंबाला कळलं पाहिजे. त्यासाठी दार ठोठावणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचं नाव पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीला माहीत असायला हवं.

शेतकरी श्रोत्यांसाठी आता शेवटचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. पिकाची नोंद तुम्ही स्वतः, शेतात उभं राहून, मोबाईलवर फोटो काढून करायची. ज्या नोंदीसाठी पूर्वी तलाठ्याची वाट पाहावी लागायची, ती आता तुमच्या हातात आली, हा फार मोठा बदल आहे. पण डोंगराळ भागात रेंज नाही, घरात एकच मोबाईल आणि तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाकडे, अशी घरं मी पाहिली आहेत. अशा ठिकाणी गावातल्या तरुणांनी पुढे होऊन म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी करून द्याव्यात. नोंद राहिली की पीक विम्याच्या आणि नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते.

आणि ज्यांचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन आली आहे, त्या सगळ्यांना माझी विनंती. ती उघडून पाहा. नाव, क्षेत्र, वारस, बोजा, एकेक रकाना वाचा. वाचता येत नसेल तर नातवाकडून मोठ्याने वाचून घ्या. सातबाऱ्यात लेखनाची चूक दिसली तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मिळकत पत्रिकेबद्दल भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे जा. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अपील करता येतं. जुना हस्तलिखित उतारा घरात असेल तर तो जपून ठेवा आणि अर्जासोबत त्याची प्रत जोडा. अर्ज दिल्याची पोच घ्या.

नमस्कार.