गालिचा भिजला, तर?

चिपळूण, २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि तळमजलेच्या तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला ढीग लागले: गाद्या, सोफे, गालिचे. जीव हळहळतो, पण पुरात बुडालेला गालिचा टाकलेलाच बरा. त्या पाण्यात गटारातली घाण असते, गाळ पार विणीत जाऊन बसतो. खाली फोम चिकटवलेला असेल, तर कितीही धुवा, आतलं निघत नाही.

एरवी मात्र गालिचे भिजतात ते घरातल्याच पाण्याने. वॉशिंग मशीनचा पाइप निसटतो, एसीची नळी तुंबते. हे पाणी तुलनेने स्वच्छ, त्यामुळे गालिचा वाचू शकतो. पण वेळ थोडा असतो; २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते.

आधी वीज बंद. पाणी बोर्डापर्यंत पोचलं असेल, तर हात न लावता वायरमनला बोलवा. मग वरचं सामान हलवा. लोखंडी पायांचा गंज एकदा उतरला की डाग जन्माचा. पाणी ओढणारा व्हॅक्युम नसेल, तर जुने टॉवेल पसरून त्यावर उभे राहा. दाबायचं, चोळायचं नाही.

आता नीट बघा. वरून हात फिरवला, कोरडं लागतं. कोपरा उचलून खाली तळहात टेकवा: गार, चिकट. लोकर तर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. बहुतेक जण फसतात ते इथेच.

ओला गालिचा दोरीवर टाकू नका. वजनाने वीण ताणते, रंग ओघळतात. चार प्लास्टिकच्या क्रेटवर आडवा पसरा आणि पंखा खालूनही लावा. कोकणात जुलैमध्ये खिडक्या उघडून काय होणार, बाहेरची हवाच ओली! खिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’वर ठेवा. वास घालवायला ब्लीच तर नकोच. लोकर त्यात विरघळते.

खरं तर मृग लागायच्या आत गालिचा उचललेला चांगला. झटकून, ऊन दाखवून गुंडाळायचा, घडी नाही. वरून जुनी सुती चादर. प्लास्टिक नको, आत ओल कोंडते. भिंतीला न टेकवता पलंगावर किंवा माळ्यावर ठेवायचा. चार महिने बसायला सतरंजी आहेच. भिजली तर दोघांनी दोन टोकं धरून पिळता येते.