काज नसलेली चोळी

(दृश्य: रेवदंड्याचा किनारा, सकाळची ओहोटी. समोर खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. मग एका घराची पडवी, जुनी लाकडी पेटी, पेटीत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.)

ही माझ्या पणजीची चोळी. खणाची आहे. रंग कधीकाळी गडद असणार, आता उन्हात ठेवलेल्या आमसुलासारखा झालाय. आत्यानं ती इतकी वर्षं जपून ठेवली. मी शिवणकाम करते आणि मला जुन्या काळातल्या कथा लिहायची आवड आहे, हे कळल्यावर तिनं ती माझ्या हातात दिली. मी लगेच वहीत मापं लिहायला लागले. तशीच एक चोळी मला शिवून बघायची होती.

आत्या म्हणाली, "अगो, शिवायची घाई कसली? आधी उसवायला शीक."

उसवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण एका बाजूची शिवण आधीच सुटत आली होती. तिथूनच सुरुवात केली, एकेक टाका सुईच्या टोकानं उचलत.

(दृश्य: कॅमेरा अगदी जवळ. शिवणीची आतली बाजू. कापडावर बारीक भोकांच्या रांगा.)

इथे नीट बघा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आपले शिंपी 'माया' म्हणतात. अंग भरलं तर चोळी सैल करता यावी म्हणून ठेवलेली जागा. या मायेत मला सुईच्या भोकांच्या तीन रांगा दिसल्या, एकीपासून दुसरी अर्ध्या बोटाच्या अंतरावर. म्हणजे ही चोळी दोनदा सैल केली आणि एकदा पुन्हा आवळली. पणजीला दोन मुलं झाली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात ती खूप आजारी पडली होती, असं आत्या ऐकून आहे. घरात पणजीचा एकही फोटो नाही, तिच्या हातचं एक अक्षर नाही. तिच्या अंगाचं काय काय झालं, ते या भोकांनी सांगितलं.

शिवणकाम असो की कथा, माझ्यासारखी छंद म्हणून काही करणारी माणसं इतिहासाकडे जातात ती बहुतेकदा भरजरी गोष्टींसाठी. शालू, पैठणी, दरबार, तलवारी. मीही तशीच जात होते. या तीन रांगा बघितल्यापासून माझा शोध बदलला. मला हवा होता तो इतिहास शिवणीच्या आतल्या बाजूला होता.

(दृश्य: चोळी पसरून ठेवलेली. हात एकेक भाग दाखवतो.)

आता तिची बेतणी बघा. पाठ, पुढचे दोन भाग, दोन बाह्या आणि प्रत्येक काखेत एक छोटा चौकोनी तुकडा. तो तुकडा कशासाठी, हे मला आधी कळलंच नव्हतं. माझी पहिली नक्कल मी त्याच्याशिवाय बेतली. घालून हात वर केला आणि सगळी चोळी वर सरकली. पाटा-वरवंटा, विहिरीचा रहाट, उखळ, या सगळ्या कामांत हात सतत वर-खाली होणार. तो चौकोन हाताला मोकळीक देतो. शिवाय प्रत्येक तुकडा सरळ रेषेत कापलेला. कुठे गोलाई नाही, म्हणून चिंधी जवळजवळ उरतच नाही. खण यायचा घाटावरून, गुळेदगुड्डच्या बाजूनं. पैसे मोजून घेतलेलं कापड कोण वाया घालवेल?

सगळी चोळी हातानं शिवलेली. जिथे ताण कमी तिथे धावदोरा आणि काखेत बारीक, घट्ट टीप. पुढे गाठ. बटण नाही, काज नाही.

या गाठीपाशी मला माझी एक जुनी चूक आठवली.

काही वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. काळ 1570चा. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या फौजेनं इथल्याच, रेवदंड्याला लागून असलेल्या चौलच्या पोर्तुगीजांना वेढा घातलाय. चौलच्या साळ्याची मुलगी रात्री तोफांच्या आवाजानं दचकून उठते आणि अंधारात 'चोळीची बटणं लावत' बाहेर धावते. वाक्य मला फार आवडलं होतं. मैत्रिणींनाही आवडलं. त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

पणजीच्या पिढीपर्यंत जी चोळी गाठीची होती, तिला तीनशे वर्षांपूर्वी मी बटणं लावून मोकळी झाले होते.

(दृश्य: शिवणाचा डबा. सुई, दोरा, कातर, आलपिनी, फीत, इस्त्री.)

मग मी माझा शिवणाचा डबा उघडला आणि एकेका वस्तूचं नाव कुठून आलं ते बघत बसले. सुई आपली, दोरा आपला. शिंपी हा शब्द आपल्याकडे संत नामदेवांइतका तरी जुना. अस्तर फारसीतून आलं, पायजमाही. आणि काज? पोर्तुगीजमध्ये बटणाच्या घराला 'काझा' म्हणतात. काझा म्हणजे घर. त्यावरून आपलं काज. फीत तिकडची, इस्त्री तिकडची. टाचणी आपली, पण आलपीन त्यांची.

हे शब्द याच खाडीतून वर चढले असतील. 1521 साली पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि 1740 साली तो मराठ्यांच्या हाती आला. दोनशेहून जास्त वर्षं. एवढ्या काळात कुणीतरी गोऱ्या अधिकाऱ्याचा सदरा शिवला असेल, कुणी त्याच्या बाहीला काज केलं असेल आणि घरी येऊन बायकोला तो नवा शब्द सांगितला असेल. समोरच्या कोर्लईत ख्रिस्ती घरांमध्ये आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात. पुस्तकातली नाही, चुलीपाशी बोलायची भाषा. होडीनं पलीकडे जा आणि नुसतं ऐकत बसा. कथा लिहिणाऱ्याला याहून मोठं दालन कुठे मिळणार?

(दृश्य: चौलची नारळी-पोफळीची वाडी, जुनं तळं, पायवाट.)

चौल त्याहून फार जुनं. ग्रीक व्यापारी त्याला सेमिला म्हणायचे. 1470 च्या सुमारास त्वेर नावाच्या रशियन गावचा अफानासी निकितीन इथे उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. त्यानं जे दिसलं ते लिहून ठेवलं. लोक उघडे फिरतात, केसांची एकच वेणी घालतात, माझा गोरा रंग बघायला माणसं मागे मागे येतात. आणि इथला राजा? त्याचं एक वस्त्र डोक्याला, एक कमरेला.

मी हे वाचलं तेव्हा मला आधी राग आला. उघडे म्हणजे काय? मग विचार केला, हा माणूस बर्फातून आलाय. अंगरख्यावर अंगरखा चढवणाऱ्या माणसाला उपरणं आणि धोतर म्हणजे उघडंच वाटणार. पण त्याच्या त्या एका वाक्यातून शिवण करणाऱ्या बाईला मोठी गोष्ट मिळते. राजाच्या अंगावरही न शिवलेलं कापड. श्रीमंती शिवणीत नव्हती. ती सुताच्या बारीकपणात, काठात, नेसण्याच्या पद्धतीत होती. तेव्हापासून जुन्या काळातलं पात्र उभं करताना मी आधी विचारते, याच्या अंगावर सुई लागलेली वस्तू आहे तरी का? त्या एका प्रश्नानं पात्राची चालसुद्धा बदलते. उपरणं खांद्यावरून घसरतं, ते सावरावं लागतं. लुगड्याचा कासोटा खोचलेला असला की बाई गुडघाभर पाण्यात सहज उतरते.

लुगड्याचं म्हणाल तर 'नऊवारी' हा शब्दही मी जुन्या पात्राच्या तोंडी घालत नाही. आत्याची आई 'अठरा हाती' म्हणायची. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दोन हातांचा एक वार, म्हणून अठरा हात म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. माप अंगावरच होतं, पट्टी लागत नव्हती. हे मी करून बघितलं. माझ्या हातानं मोजलेलं लुगडं आत्याच्या हातानं मोजलेल्यापेक्षा जवळजवळ वीतभर लांब भरलं. दोन बायका बाजारात कापड घेताना यावरून भांडतील की नाही? तेवढ्यावर माझ्या कथेतला एक अख्खा प्रसंग उभा राहिला.

(दृश्य: पावसाळी समुद्र. झापांनी शाकारलेली होडी.)

कोकणात राहून लिहिणाऱ्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाऊस. त्यात फार खोटं बोलता येत नाही. शिडाची गलबतं असताना जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरं मिटलेली. गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेली. त्यामुळे माझ्या कथेतला नवरा पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेच्या आधी, मस्कतहून परत येऊ शकत नाही, मला कितीही हवा असला तरी. ही अडचण आहे खरी, पण कथेतली वाट बघणंही तिच्यातूनच येतं.

तसंच ताटाचं. हजारेक वर्षांपूर्वीच्या, शिलाहार राजांच्या काळातल्या माणसाला आमसुलाचं सार वाढा, मिरी घाला, नारळ घाला. मिरची, काजू, बटाटा, पेरू मात्र नाही, ते पोर्तुगीजांनंतरचे. आणि रंगाचं. 1856 साली इंग्लंडमध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार झाला. त्याच्या आधीच्या लुगड्याला तो झगझगीत जांभळा देऊ नका. नीळ आहे, मंजिष्ठ आहे, लाख आहे, हळद आहे. एवढ्यांवरही डोळे निवतील असं लुगडं होतं.

हे सगळं कुठे सापडतं, असं मला विचारतात. ब्रिटिशांनी जिल्ह्यांची गॅझेटियरं केली. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं 1880 चं, कुलाबा आणि जंजिऱ्याचं 1883 चं. कोण काय नेसतं, काय खातं, कशाला किती पैसे पडतात, सगळं त्यात आहे. लिहिणारे राज्यकर्ते होते, जातीजातींबद्दल त्यांची मतं कडवट आणि पुष्कळदा चुकीची होती. म्हणून मतं बाजूला ठेवायची आणि वस्तू उचलायच्या. रायगड, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाळीत सापडले. पुढे त्यांनी त्या प्रवासाची हकीकत लिहिली. झाशीच्या राणीच्या पराक्रमाइतकंच तिच्या अंगावर काय होतं, हेही ते सांगतात. इतिहासाची साधनं गोळा करत गावोगाव फिरणारे वि. का. राजवाडे जन्मले तेही वरसईतच.

आणि तुमच्या घरच्या माळ्यावर मोडीतले कागद असतील तर वाळवीच्या आधी तुम्ही तिथे पोचा. मोडी शिकायला काही महिने लागतात. मी अजून अडखळत वाचते. पण सुपाऱ्यांच्या जमाखर्चात मध्येच 'चोळीखण 2' अशी एक ओळ लागते आणि दिवस सार्थकी लागतो. कुणाकुणासाठी आणले असतील ते दोन खण?

(दृश्य: मुंबई, डोंगरीचा रस्ता. मग रत्नागिरी, थिबा राजवाडा.)

मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडाला इंग्रज 'डंगरी' म्हणायला लागले. कामकऱ्यांचा तो जाड पोशाख जगभर त्याच नावानं गेला.

रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाला 1886 साली बंदिवान म्हणून आणलं. टेकडीवरचा हा राजवाडा 1910 साली झाला आणि राजा 1916 साली इथेच वारला. राणी सुपयालत 1919 मध्ये परत मायदेशी गेली. तेहतीस वर्षं. राजाची कथा पुष्कळांनी सांगितली. मला त्या राजवाड्यात वेगळंच काही दिसतं. ब्रह्मी रेशमी लुंग्या इथल्या खाऱ्या, दमट हवेत विरायला लागल्या असतील, तेव्हा त्यांना रफू कुणी केलं? रत्नागिरीतल्या कुठल्या बाईला त्या विणीचा दोरा जुळवता आला? उत्तर कुठे लिहिलेलं नाही. म्हणूनच ही जागा कथेची. पण तारखा मी हलवत नाही. राजवाडा बांधला जायच्या आधीच्या प्रसंगात मी त्याच्या रंगीत काचा आणणार नाही. जिथे कागद गप्प आहेत तिथेच माझी सुई चालणार, आणि लिहून झाल्यावर वाचणाऱ्याला तेही सांगणार की एवढं माझ्या मनचं आहे.

(दृश्य: पुन्हा तीच पडवी. दुपार. नवी चोळी तयार होते आहे.)

ही माझी दुसरी नक्कल. काखेतला चौकोन या वेळी आहे. शिवणीत माया भरपूर ठेवली आहे. पणजीच्या चोळीची उसवलेली बाजू मी पुन्हा शिवली नाही. ती तशीच ठेवली, म्हणजे माझ्यानंतर जी कुणी बघेल तिला त्या तीन रांगा दिसतील.

आत्यानं नवी चोळी हातात घेतली, उलटी केली आणि आधी आतली बाजू बघितली. मग म्हणाली, "गाठ मारून दाखव बघू."

पहिल्यांदा मला जमली नाही. पुढची दोन टोकं ओढून घट्ट आवळायची तर श्वास थोडा आत घ्यावा लागतो आणि मान खाली जाते. क्षणभर डोळ्यांसमोर आपल्याच हातांशिवाय काही नसतं.

रात्री मी जुनी कथा काढली आणि ते बटणांचं वाक्य खोडलं. आता तिथे असं आहे:

'पहिल्या तोफेला ती उठून बसली. दुसरी झाली तेव्हा तिची मान खाली होती, श्वास आत ओढलेला होता आणि बोटं अंधारात चोळीची गाठ शोधत होती.'